रायपुरात काटा खरा निघाला

बत्तीस वर्षं मी संशय घेण्याचा पगार घेतला. वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. नागपूर-भंडारा-गोंदिया या पट्ट्यातल्या किती दुकानदारांनी मला लांबून पाहून काट्यावरची गोणी घाईघाईने उतरवली असेल, त्याची मोजदाद नाही. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. भाजीवालीच्या पारड्याखाली चुंबक तर चिकटवलेला नाही ना, हे मी अजून वाकून पाहतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो, ज्यांना रायपूरची प्रेक्षणीय स्थळं हवी असतील त्यांनी दुसरं कुणी गाठावं. मी तिथे नऊ दिवस होतो आणि त्यातले बहुतेक एका दवाखान्याच्या पायऱ्यांवर गेले.

स्वाती माझी एकुलती एक मुलगी. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, पण तिची आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात बाईमाणूस नाही, मी वरणभाताच्या पुढे गेलेलो नाही, तेव्हा बाळंतपण सासरीच रायपूरला करायचं ठरलं. पोरगी एकदाही तक्रारीचं बोलली नाही. मलाच ते लागून राहिलं होतं.

मुलगा झाला, त्याच्या चौथ्या दिवशी जावयाचा फोन आला. निलेशची तिसरी पिढी रायपुरात. आजोबा रेल्वेत लागले म्हणून आले आणि तिथलेच झाले. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतून येतं. "पापाजी, बेटा तो अच्छा है. थोड़ा इन्फेक्शन है, इसलिए नर्सरी में रखा है. वजन भी बढ़ रहा है. चिंता की कोई बात नहीं."

ज्या दुकानदाराने न विचारता 'साहेब, आपला काटा एकदम ओके' म्हटलं, त्याचाच काटा मी आधी तपासत असे. दुपारच्या गाडीने निघालो.

शंकर नगर

रायपूर राजधानी होऊन तेव्हा काही वर्षंच झाली होती आणि ती गोष्ट अजून कुणाच्या अंगवळणी पडली नव्हती. स्टेशनपासून शंकर नगरपर्यंत दर तिसऱ्या पाटीवर 'राजधानी' हा शब्द. राजधानी टेलर्स, राजधानी पंक्चर, राजधानी भोजनालय. रस्ते खणून ठेवलेले, त्यामुळे ऑटोवाल्याने तीन वळणं जास्त घेतली. मी प्रत्येक वळणाला विचारलं. शेवटी तो म्हणाला, "दादा, मैं भी घर जाना चाहता हूँ." माणूस खरा असावा.

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. सुमनताई हे त्यांचं नाव. मूळच्या वर्ध्याकडच्या, पण चाळीस वर्षं रायपुरात काढलेली बाई. बोलणं आपलंच, मधूनमधून छत्तीसगढी 'हव' पेरलेलं.

"या भाऊ, या. आधी तोंड गोड करा," म्हणत त्यांनी हातावर पेढा ठेवला. "पोट्टं भरून राहिलं आपलं. काल नव्वद ग्रॅम वाढलं. मी तर आमच्या पाऱ्यात, साऱ्या मोहल्ल्यात घरोघरी पेढे देऊन आली."

"नर्सरीत आहे ना पण?"

"हव, आहे ना. पण वजन वाढलं म्हणजे अंगी लागून राहिलं. आता बाहेर यायला कितीक उशीर."

त्यांच्या स्वयंपाकघरात एक मोठं भगोणं उकळत होतं. कसल्याशा मुळ्या, सुंठ आणि गूळ. त्याला तिकडे काँके पानी म्हणतात. बाळंतिणीला तर देतातच, पण भेटायला येईल त्यालाही पाजतात. आपल्याकडे डिंकाचा लाडू बाळंतिणीच्या नावाने होतो आणि घरातली पोरं चोरून खातात. इथे खुलेआम सगळ्या गल्लीला वाटप. मुळ्या कुठून आणल्या, धुतल्या का, कुणी ओळखल्या, हे तिन्ही प्रश्न मी विचारले. विहीणबाईंनी पेला पुढे केला. "प्या चुपचाप. तुमच्या स्वातीनं चार दिवसांत काही विचारलं नाही." प्यायलो. चांगलं लागलं, हे त्यांना सांगितलं नाही.

समता कॉलोनी

दवाखाना समता कॉलोनीत होता. खाली औषधाचं दुकान, वर बाळंतिणींचे वॉर्ड आणि त्याच्या वर काचेच्या दारामागे नर्सरी. स्वाती वॉर्डात होती. तोंड सुकलेलं, केस विस्कटलेले. मला पाहून उठायला लागली.

"बाबा, तुम्ही जेवले का?"

आईसारखंच पहिलं वाक्य. मी म्हटलं, "जेवलो. तू काहून उठते? पड." आणि दुसरं काही सुचेना म्हणून तिच्या खाटेचं चाक हलतं का ते पाहिलं.

नर्सरीत आईखेरीज रोज दुपारी एकाच माणसाला पाच मिनिटं सोडत. कोपरापर्यंत हात धुवायचे, घड्याळ-अंगठी काढायची, आपल्या चपला बाहेर, तिथल्या रबरी चपला पायात. अंगठी काढून एका ट्रेमध्ये ठेवायला सांगितली तेव्हा मी ट्रे कुणाच्या ताब्यात असतो ते विचारलं. तिथल्या सिस्टर, पुष्पा एक्का, जशपूरकडच्या. उंचीने लहान, आवाजाने मोठ्या. म्हणाल्या, "अंकल, अंगूठी में कीड़े रहते हैं. आँख से नहीं दिखते." लग्नातली अंगठी होती, कधी काढली नव्हती. साबण लावून काढली.

नातू मी पहिल्यांदा पाहिला तो असा: काचेच्या पेटीत, नाकात नळी, हातात सुई, एका पायाला लाल दिव्याची पट्टी, दुसऱ्या मांडीवर आणखी एक काळी चकती. गुटगुटीत होता. गाल भरलेले, पापण्या जाड. त्याच्या शेजारी दोन यंत्रं. पायाच्या पट्टीचं यंत्र सांगत होतं शहाण्णव. मांडीच्या चकतीचं यंत्र सांगत होतं एकोणपन्नास.

"हे काय मोजतात?" मी विचारलं.

"ऑक्सिजन."

"दोन्ही?"

"दोनों."

मी दोन्ही आकडे पुन्हा वाचले. एकच माल, दोन काटे, दोन वजनं. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच, दोघांपैकी एक खोटा आहे. कोणता, एवढंच शोधायचं असतं. बाहेर आलो तेव्हा पाच मिनिटं झाली होती आणि माझी खात्री पटली होती की इथे काहीतरी लपवताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी निलेश मला पोहे खायला घेऊन गेला. पोह्यांबरोबर जिलबी. वर ओतायला नागपुरासारखी झणझणीत तर्री मागितली तर दुकानदाराने माझ्याकडे दयेने पाहिलं. त्या जिलबीचा घास तोंडात असताना निलेशचा फोन वाजला. तो ऐकून म्हणाला, "पापाजी, आज फिर नब्बे ग्राम बढ़ा. दो किलो छह सौ तीस." आवाज आनंदाचा होता, पण माझ्याकडे न पाहता बोलला.

जन्माला दोन किलो चारशे. नवजात पोर पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं. स्वातीच्या वेळी तिची आई त्या उतरण्याने रडली होती आणि दाईने समजावलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. हे पोरगं तर आजारी. नळीतून दर तीन तासांनी चमचाभर दूध. दिवसाचं चाळीस मिलिलिटर. चाळीस आत गेले तर नव्वद कसे वाढले? दुधाचा हिशेब जुळत नव्हता. म्हणजे काटा खोटा. आणि औषधाचा डोस बाळाच्या वजनावर काढतात, हे सिस्टरनेच सांगितलं होतं. खोट्या काट्यावर माझ्या नातवाला औषध मोजून देत होते.

मी एक्का सिस्टरना दुधाचा हिशेब सांगितला आणि म्हटलं, "तुमचा काटा तपासायचा आहे."

"कंपनीवाला आता है चेक करने."

"कधी आला होता?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. न दिलेलं उत्तर मी नेहमी वहीत लिहीत असे.

पंडरी

तपासायला मुद्रांकित वजनं हवीत. माझी नागपुरात, ट्रंकेत. तेव्हा ऑटो करून पंडरीला गेलो. पंडरी म्हणजे ठोक कापडाचा बाजार. दारोदार ताग्यांचे ढीग, लोखंडी मीटरने फराफर मोजणी सुरू. दोन दुकानांत मीटरची टोकं झिजलेली दिसली. हात शिवशिवले, पण राज्य दुसरं, मी निवृत्त, आणि पेटीतलं पोर डोळ्यांसमोर. मागच्या गल्लीत एक धान्याचं दुकान सापडलं. तिथल्या म्हातारबाई माठाएवढ्या टोपलीतून मुरमुरे डब्याने मोजत होत्या, "राम, दो, तीन..." आपल्याकडे खळ्यावर पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, एक म्हणत नाहीत. तिथे राम. पहिलं माप देवाचं असलं तरी डबा तळाशी चेपलेला होताच.

मी दुकानदाराची लोखंडी वजनं उचलली आणि सवयीने उलटी करून शिशातला शिक्का पाहिला. दुकानदाराचा चेहरा पडला. "साहब कहाँ से आए हैं?" मी खरं तेच सांगितलं, "नागपूरहून." निवृत्त झालो, हे तेवढं सांगितलं नाही. त्याने चहा मागवला, बिस्किटं मागवली आणि दोन दिवसांसाठी एक-एक किलोची दोन आणि अर्ध्या किलोचं एक वजन पिशवीत घालून दिलं. मी पायऱ्या उतरत असताना तो माझ्या पायांकडे बघत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी दवाखान्याच्या हिरव्या रबरी चपला घालून आलोय आणि त्यावर पांढऱ्या रंगाने 'नर्सरी' लिहिलंय. माझ्या चपला चोरीला गेल्याची तक्रार मी तासाभरापूर्वी तिथल्या चौकीदाराकडे करून आलो होतो.

पिशवी पाहून एक्का सिस्टर दारातच आडव्या झाल्या.

"ये जंग लगा लोहा अंदर? बिल्कुल नहीं. अंदर तो सलाईन की बंद बोतल जाएगी, वो भी मैं पोंछ के ले जाऊँगी."

त्यांनी नकार म्हणून सांगितलं. मला वाट सापडली. खालच्या दुकानातून सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या पाच बंद बाटल्या घेतल्या आणि कोपऱ्यावरच्या सराफाकडे गेलो. सराफाचा काटा खोटा असू शकतो, पण तो किती खोटा ते सराफाला माहीत असतं. मी आधी पंडरीची शिक्क्याची वजनं त्याच्यावर ठेवून पाहिली. बरोबर होता. मग एकेक बाटली: पाचशे एकतीस, पाचशे तीस, पाचशे बत्तीस, पाचशे एकतीस, पाचशे एकतीस. एकूण दोन किलो सहाशे पंचावन्न. जवळपास माझ्या नातवाएवढं. ज्या वजनाला काटा वापरतात, त्याच वजनाला तो तपासावा, हा आमचा पहिला धडा.

सिस्टरनी बाटल्या स्पिरिटने पुसल्या. पाचही बाटल्या बाळाच्या काट्यावर आडव्या निजवल्या. मी काचेच्या बाहेरून पाहत होतो. आकडा थरथरला आणि थांबला.

दोन किलो सहाशे पंचावन्न.

त्यांनी बाटल्या उतरवून पुन्हा ठेवल्या. तेच. मला वळून अंगठा दाखवला. आपला काटा खरा निघाला म्हणून खूश झाल्या होत्या बिचाऱ्या. मी मात्र तिथल्या बाकावर बसलो. बत्तीस वर्षांत काटा खोटा निघावा असं मला पहिल्यांदा मनापासून वाटलं होतं. काटा खरा, तर नव्वद ग्रॅम खरे. मग ते नव्वद ग्रॅम कशाचे?

तिथल्या डॉक्टरीणबाईंना सगळे चंद्राकर मॅडम म्हणत. चाळिशीची बाई, बोलणं तुटक. सिस्टरने त्यांना दुधाच्या हिशेबाची आणि बाटल्यांची गोष्ट सांगितली असावी, कारण त्या बाहेर आल्या त्या थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आपने दूध गिना. सलाईन गिना क्या?"

मी नव्हतं मोजलं. हातातल्या सुईची ती बारीक नळी मला दिसली होती, पण तिच्या मागे छोट्या पंपातून दिवसभर थेंबथेंब जातं, हे डोक्यातच आलं नव्हतं. निरीक्षक म्हणवतो आणि मालाची एक वाट पाहायचीच राहिली. कान तापले.

"पानी अंदर जा रहा है, और पेशाब कम है," त्या म्हणाल्या. मग एक स्टूल ओढून बसल्या आणि नीट समजावलं. त्यांचं हिंदी मी आपल्या भाषेत सांगतो. स्वातीचं गर्भाचं पाणी बरंच आधी गेलं होतं, बाळाला पोटातच जंतू लागले. त्या जंतूंशी लढताना अंगभर सूज चढते. गळू झालं की त्याच्याभोवती कसं लाल होऊन फुगतं, तसं हे आतून, सगळीकडे. बारीक रक्तवाहिन्या सैल पडून पाझरायला लागतात आणि रक्तातलं पाणी मांसात उतरतं. बाळ गुटगुटीत दिसतं. वजन वाढतं. ते वजन मांसाचं नसतं, पाण्याचं असतं.

"मग ते दोन आकडे?" मी विचारलं. "शहाण्णव आणि एकोणपन्नास. कोणतं यंत्र खोटं?"

त्या स्टुलावरून उठल्या. मग म्हणाल्या, "आपको टेस्ट चाहिए ना? आइए."

बाजूच्या खोलीत त्यांनी माझ्या उजव्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. खाली त्याच हातावर, कोपराच्या पुढे, तसलीच एक काळी चकती चिकटवली. डाव्या हाताच्या बोटाला लाल दिव्याचा चिमटा. चिमटा म्हणाला सत्त्याण्णव, चकती म्हणाली अडुसष्ट. मग त्यांनी पट्टा फुगवून तसाच धरला. माझा उजवा हात जड झाला, मुंग्या आल्या. चकतीचा आकडा उतरू लागला. साठ. पंचावन्न. अठ्ठेचाळीस. आणि डाव्या बोटाचा चिमटा शांतपणे सत्त्याण्णववरच.

"कौन सा झूठा है?" त्यांनी विचारलं.

दोन्ही खरे होते. एका माणसाच्या अंगात, एकाच घटकेला. रक्तात प्राणवायू भरलेला होता आणि माझ्या हाताला तो मिळत नव्हता. टाकी भरलेली आणि नळ कोरडा, नागपूरच्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं.

त्यांनी पट्टा सोडला. आकडा झरझर वर चढला. "आपका पट्टा मैंने खोल दिया," त्या म्हणाल्या. "बच्चे का पट्टा सूजन है. वो दवा खोलेगी, और थोड़ा बच्चा खुद. दो-तीन दिन में पता चलेगा."

"काय पता चलेगा?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. हे मी वहीत लिहिलं नाही.

दारातून वळून त्या एवढंच म्हणाल्या, "आपके दामाद को मैंने परसों ही सब बताया है."

पायऱ्यांवर

निलेश खाली पायऱ्यांवर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. मला भयंकर राग आला होता. दवाखाना खरा, काटा खरा, यंत्रं खरी, आणि आकडा अर्धा सांगणारा माझ्या घरातला.

"तुले माहीत होतं."

त्याने मान खाली घातली. "डॉक्टर ने दोनों बात बोली थी, पापाजी. वजन बढ़ा है, और क्यों बढ़ा है. मैं घर में पहली बात बोल ही रहा था, मम्मी ने उसी टाइम सबको फोन लगा दिया. स्वाती उस दिन पहली बार हँसी थी. फिर दूसरी बात मेरे मुँह से निकली ही नहीं."

मी बरंच ठरवून आलो होतो बोलायचं. लहान मापाने माल दिला म्हणून किती जणांना भर बाजारात झापलंय मी. या पोराचे डोळे तीन दिवस न झोपून लाल झाले होते आणि त्याच्या सदऱ्याला दुधाचा डाग होता. मी म्हटलं, "चाल, पेढ्यांचं तुझ्या आईले मी सांगतो. स्वातीले कोण सांगते?"

तो म्हणाला, "मेरे से नहीं होगा." आणि मराठीत, माझ्यासमोर पहिल्यांदाच मराठीत, "बाबा, माझ्यानं नाही होत."

म्हणून मी गेलो. स्वाती खाटेवर बसून बाटलीत दूध काढत होती. तिच्या नखाएवढं दूध निघालं होतं तळाला. मी खुर्ची ओढली, खाकरलो, रायपूरच्या रस्त्यांबद्दल काहीबाही बोललो.

"बाबा, काटा खरा निघाला ना?" तिनेच विचारलं.

"तुले कोणी सांगितलं?"

"सगळ्या वॉर्डाले माहीत आहे. पाच बाटल्या घेऊन फिरून राहिले होते तुम्ही." मग तिने बाटलीला झाकण लावलं. "खोटा निघाला असता तर बरं झालं असतं."

मी बाटली तिच्या हातातून घेऊन कडेला ठेवली.

"मी रोज आत जाते तेव्हा त्याचा पाय धरून बसते. बोट उचललं की खड्डा तसाच राहते, बाबा. आई शेवटी शेवटी होती तेव्हा तिचेही पाय असेच झाले होते. मीच चेपायची ना. मले कोणी सांगायची गरज नव्हती."

"मग बोलली काहून नाही?"

"निलेश किती खुशीनं सांगे. सासूबाई पेढे वाटून राहिल्या होत्या. तुम्ही एवढ्या दुरून आले. मी कोणाले सांगू?"

मी आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यावरून चोरी ओळखली, आणि माझी पोरगी दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर एवढं ओझं घेऊन बसली होती, ते मला कळलं नाही. मला रडू आलं. वॉर्डातल्या चार बायांसमोर आलं. स्वाती म्हणाली, "रडू नका बाबा, मले पुन्हा दूध काढा लागते." आणि तीही रडली.

नंतरचे दिवस

पुढच्या तीन दिवसांचं वर्णन करण्यासारखं काही नाही. बाळाचं औषध बदललं. रक्तदाब सावरायला आणखी एक सुई लागली. वजन दोन किलो सातशेवर गेलं आणि विहीणबाईंनी ते ऐकून हातातलं ताट खाली ठेवलं. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी काँके पानी चढवलं नाही. छठीचं जेवण पुढे ढकललं. दोन बायका घरी विचारायला आल्या, त्यांना "नंतर सांगू" म्हणून परत पाठवलं.

मी दुपारी पाच मिनिटं आत जायचो आणि फक्त मांडीचा आकडा बघायचो. एकोणपन्नास. सत्तेचाळीस. पंचेचाळीस. शहाण्णवकडे मी आता बघतही नव्हतो. पंडरीची वजनं परत दिली. दुकानदाराने पुन्हा चहा मागवला, मी प्यालो नाही. माझ्या चपला चौकीदाराने शोधून ठेवल्या होत्या, रॅकच्या खालच्या फळीवर, जिथे मीच ठेवल्या होत्या. त्याने काही बोलून दाखवलं नाही, ते मला जास्त लागलं.

चौथ्या दिवशी सकाळी आकडा त्रेपन्न होता. एक्का सिस्टर एक लंगोट काट्यावर ठेवत होत्या. तिथे भिजलेले लंगोटही मोजतात. "अंकल, देखो," त्या म्हणाल्या. "रात से चार बार. पूरा भर के." एवढ्या कडक बाईच्या तोंडून मुताची इतकी स्तुती मी कधी ऐकली नव्हती, आणि मलाही ती कमीच वाटली.

मग त्यांनी बाळाला नळ्यांसकट उचलून काट्यावर ठेवलं. काचेच्या बाहेर आम्ही चौघं. स्वाती, निलेश, विहीणबाई, मी. आकडा थरथरून थांबला. दोन किलो पाचशे साठ. एकशे चाळीस ग्रॅम कमी.

चंद्राकर मॅडम आतून बाहेर आल्या, मास्क खाली केला. "पानी उतर रहा है. अभी दो दिन और देखेंगे," एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या पेटीकडे गेल्या.

त्याच वेळी विहीणबाईंचा फोन वाजला. वर्ध्याहून त्यांची बहीण. रोज त्याच वेळी वजन विचारायची.

"कमी झालं," विहीणबाई म्हणाल्या. "एकशे चाळीस ग्रॅम कमी झालं माय."

पलीकडून बाई रडायला लागली, ते मला उभ्या जागी ऐकू आलं. विहीणबाई समजावायला गेल्या. "अवं रडू नको, कमी झालं, कमी झालं ना," एवढंच त्या म्हणत राहिल्या, आणि दोघी बहिणी दोन गावांत रडत राहिल्या. मी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"मी स्वातीचा बाप बोलतो," मी म्हटलं. "वजन कमी झालं, म्हणजे पोरगं वाचलं."

डॉक्टर अजून तसं म्हणाल्या नव्हत्या. मीच म्हटलं.